सँडी हूक, १८७९: तीन रायफली, तीन काडतुसं आणि नळीतला पीळ

१८७९ साली न्यू जर्सीतल्या सँडी हूकच्या वाळूत अमेरिकी लष्कराच्या रायफल-चाचणीसाठी टेलिफोनची तार टाकलेली होती. तारेचं एक टोक रायफलीपासून काही फुटांवर होतं. दुसरं टोक अडीच हजार यार्ड पलीकडे, लाकडी लक्ष्याच्या पुढ्यात बांधलेल्या भक्कम आडोशात. बेलच्या टेलिफोनला पेटंट मिळून तेव्हा जेमतेम तीन वर्षं झाली होती. आडोशातला माणूस कानाला यंत्र लावून आणि हातात पाव सेकंद दाखवणारं घड्याळ धरून बसायचा. तारेतून बार ऐकू आला की घड्याळ चालू करायचं, गोळी आदळल्याचा आवाज आला की बंद. अशा बऱ्याच बारांची सरासरी काढून गोळीच्या उड्डाणाचा वेळ ठरायचा.

तारेशिवाय हे मोजणं अवघड होतं. २५०० यार्ड म्हणजे जवळपास २.३ किलोमीटर. एवढं अंतर तोडायला हवेतून येणाऱ्या आवाजाला साडेसहा-सात सेकंद लागतात. त्या काळातली शिशाची गोळी नळीतून सुटते तेव्हा आवाजापेक्षा वेगात असते, पण हवेच्या विरोधाने तिचा वेग पहिल्या काहीशे यार्डांतच आवाजाच्या खाली येतो. म्हणजे एवढ्या लांब उभ्या असलेल्या माणसाला बार आधी ऐकू येतो आणि गोळी मागाहून येते. आजच्या रायफलींची सवय असलेल्याला हा क्रम उलटा वाटेल, पण काळ्या दारूच्या, म्हणजे धूर करणाऱ्या जुन्या बंदुकीच्या दारूच्या जमान्यातल्या मोठ्या बोअरच्या (रुंद नळीच्या) रायफली समजून घ्यायच्या तर सुरुवात इथूनच करावी लागते.

जुन्या मोठ्या बोअरच्या काडतुसांची तुलना करायला बसलं की माणसं दोन आकडे आधी पाहतात, गोळीचं वजन आणि दारूचं वजन. काडतुसांची नावंच तशी पडलेली आहेत: .४५-७०-४०५, म्हणजे पॉइंट ४५ इंच कॅलिबर, ७० ग्रेन (वजनाचं एक लहान माप) दारू, ४०५ ग्रेनची गोळी. नळीतला पीळ, म्हणजे गोळी एक पूर्ण फेरा किती इंचांत घेते हा आकडा (इंच जितके कमी तितका पीळ जास्त), नावात कुठेच येत नाही. म्हणून एक तर तो विसरला जातो, नाहीतर त्याला नको तेवढं श्रेय दिलं जातं. सँडी हूकची चाचणी मला मोलाची वाटते ती यामुळे. एकच मैदान, एकच लक्ष्य, तिन्ही रायफली हाताळणारा एकच कसलेला नेमबाज, आणि वजन, दारू, पीळ या तिन्ही बाबतींत थोड्याथोड्या वेगळ्या असलेल्या तीन रायफली. कोणत्या आकड्याने काय केलं हे इथे बऱ्यापैकी सुटं करून पाहता येतं.

मैदानावर काय काय होतं

पहिली रायफल अमेरिकी पायदळाची रोजची, स्प्रिंगफील्ड. तिच्या मागच्या भागावरची झडप वर उघडते म्हणून तिला ‘ट्रॅपडोअर’ म्हणतात. काडतूस १८७३ चं .४५-७०. गोळी ४०५ ग्रेनची, सुटतानाचा वेग सेकंदाला सुमारे १३५० फूट, पीळ २२ इंचांना एक फेरा.

दुसरी तिचीच बहीण, पण लांब पल्ल्यासाठी खास बनवलेली. पुंगळी, म्हणजे काडतुसाचं दारू भरलेलं धातूचं कवच, २.१ इंचांऐवजी २.४ इंच लांब, दारू ८० ग्रेन, गोळी ५०० ग्रेनची, वेग सुमारे १३७५ फूट. हिची नळीही वेगळी होती, १८ इंचांना एक फेरा.

तिसरी इंग्रजांची मार्टिनी-हेन्री. गोळी ४८० ग्रेनची, कागदात गुंडाळलेली, दारू ८५ ग्रेन. सात खाचांची हेन्री पद्धतीची नळी आणि पीळ पुन्हा २२ इंचांना एक. सँडी हूकला तिचा वेग मिळाला सुमारे १२५३ फूट.

ग्रेन हे माप आपल्याला परकं वाटतं, पण एक तोळा बरोबर १८० ग्रेनचा. म्हणजे ट्रॅपडोअरची गोळी सव्वादोन तोळ्यांची, मार्टिनीची दोन तोळे आणि वर दोन तृतीयांश, आणि लांब पल्ल्याच्या स्प्रिंगफील्डची पावणेतीन तोळ्यांहून किंचित जड. सोन्याच्या बांगडीएवढं शिसं दर बाराला नळीतून बाहेर पडतं असं डोळ्यांसमोर आणलं की खांद्यावर बसणाऱ्या धक्क्याचाही अंदाज येतो.

लक्ष्य ४४ फूट लांब आणि २२ फूट उंच होतं. दुमजली घराएवढी भिंतच ती. मधोमध सहा फूट व्यासाचा काळा गोल. नेम धरणारे स्प्रिंगफील्ड आर्मरी या सरकारी शस्त्र कारखान्याचे आर. टी. हेअर. २५०० यार्डांवरून तिन्ही रायफलींनी त्या काळ्या गोलात गोळी घालणारा जगातला एकमेव माणूस, असा त्यांचा गौरव चाचणीच्या अहवालात आहे.

एवढ्या लांबच्या माऱ्याचं कुतूहल त्या काळात नुसतं शास्त्रीय नव्हतं. १८७७ साली आजच्या बल्गेरियातल्या प्लेव्हनाच्या वेढ्यात तुर्कांनी अमेरिकेत बनलेल्या पीबॉडी-मार्टिनी रायफलींनी रशियन फौजेला फार लांबूनच झोडपलं होतं. एकेकाला टिपणं हा तिथला हेतू नव्हता. दूरच्या जमावावर शिशाचा पाऊस पाडायचा होता. त्यानंतर प्रत्येक लष्कराला आपल्या रायफलीची गोळी नेमकी किती लांब जाते आणि तिथे पोचल्यावर तिच्यात काय शिल्लक उरतं, हे जाणून घ्यायचं होतं.

कोन काय सांगतो

२५०० यार्डांवर पोचायला नळी किती उचलावी लागली, ते आकडे असे. लांब पल्ल्याची स्प्रिंगफील्ड १० अंश ३८ मिनिटं (मिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग). मार्टिनी-हेन्री १३ अंश २० मिनिटं. रोजची ट्रॅपडोअर १७ अंश ८ मिनिटं.

हे आकडे मी पहिल्यांदा वाचले तेव्हा बराच वेळ त्यांच्यावरच अडकून राहिलो. ट्रॅपडोअरचा आणि लांब पल्ल्याच्या स्प्रिंगफील्डचा सुरुवातीचा वेग जवळजवळ सारखा आहे, फरक अवघा २५ फुटांचा. तरी उचलण्याच्या कोनात साडेसहा अंशांचं अंतर. उलट मार्टिनीचा वेग ट्रॅपडोअरपेक्षा जवळपास १०० फुटांनी कमी, तरी तिला ट्रॅपडोअरपेक्षा चार अंश कमी उचलावं लागलं. म्हणजे कोन ठरवताना सुरुवातीच्या वेगापेक्षा जास्त वजन दुसऱ्याच एका गोष्टीला आहे. ती म्हणजे गोळी आपला वेग किती टिकवते.

याचा हिशोब सोपा आहे. गोळीचं वजन पौंडात घ्या आणि व्यासाच्या वर्गाने भागा. इंग्रजीत याला सेक्शनल डेन्सिटी म्हणतात. मराठीत सांगायचं तर हवेला सामोऱ्या जाणाऱ्या प्रत्येक चौरस इंचामागे किती शिसं उभं आहे, त्याचं ते माप. ४०५ ग्रेनच्या गोळीचा आकडा येतो ०.२७६. ५०० ग्रेनचा ०.३४०. मार्टिनीची नळी किंचित अरुंद, त्यामुळे तिची ४८० ग्रेनची गोळी ०.३३९ वर येते. म्हणजे जड स्प्रिंगफील्ड आणि मार्टिनी या बाबतीत जुळ्या आहेत आणि दोघींतला तीन अंशांहून थोडा कमी फरक मुख्यतः वेगाचा आहे. ट्रॅपडोअर वेगात मागे नाही, पण तिच्या गोळीत हवा कापायला पुरेसं शिसं नाही, म्हणून ती लवकर दमते.

पुढचं अंतर ३२०० यार्डांचं. तिथे लांब पल्ल्याच्या स्प्रिंगफील्डला २० अंश ५१ मिनिटं लागली आणि मार्टिनीला २६ अंश ५ मिनिटं. २५०० पासून ३२०० पर्यंतचे ७०० यार्ड मिळवायला स्प्रिंगफील्डला सव्वादहा अंश जादा उचलावं लागलं, मार्टिनीला पावणेतेरा. एका अंशामागे स्प्रिंगफील्डला सरासरी ६८ यार्ड मिळाले, मार्टिनीला ५५. जितकं लांब जाल तितका दर अंश महाग पडत जातो, आणि ज्या गोळीने वेग राखला तिला तो स्वस्त पडतो.

मग पीळ कुठे गेला?

आतापर्यंतच्या हिशोबात पीळ आलाच नाही, आणि हे मुद्दाम आहे. पीळ गोळीला पल्ला देत नाही. तो गोळीला टोकावर उभी ठेवतो.

मी यंत्रशाळेत लेथवर आटे पाडलेले आहेत, त्यामुळे रायफलीची नळी मला नेहमी बहुतोंडी आट्यासारखी दिसते. ट्रॅपडोअरच्या नळीत तीन खाचा, म्हणजे तीनतोंडी आटा, फक्त एका फेऱ्याची लांबी २२ इंच. १३५० फूट वेगाने गोळी या आट्यातून बाहेर पडते तेव्हा सेकंदाला ७३६ फेरे घेत असते. मार्टिनीची सुमारे ६८३. लांब पल्ल्याच्या स्प्रिंगफील्डची, १८ इंचांच्या पिळामुळे, ९१७. मिनिटाच्या भाषेत हा शेवटचा आकडा ५५ हजारांवर जातो.

या फिरण्याचं काम भोवऱ्यासारखंच आहे. लांबुळक्या गोळीवर हवेचा जोर जिथे एकवटतो ती जागा तिच्या गुरुत्वमध्याच्या पुढे असते, म्हणून हवा तिला सतत उलथवू पाहते. पुरेसा पीळ असला तर ती उलथत नाही, फक्त किंचित डोलत जाते. गोळी जितकी लांब तितका उलथवण्याचा जोर मोठा आणि तितका पीळ जास्त लागतो. यात मेख अशी की त्याच नळीतून जड गोळी मारायची तर जाडी वाढवता येत नाही. वजन वाढतं ते लांबीतच वाढतं. म्हणून गोळीचं वजन आणि नळीचा पीळ यांचा प्रश्न खरं तर लांबी आणि पिळाचा प्रश्न आहे. वजन बोलायला सोपं पडतं, इतकंच.

योगायोग बघा. हा हिशोब कागदावर बसवणारं सूत्र त्याच १८७९ सालचं आहे. वूलिचच्या लष्करी अकादमीत गणित शिकवणाऱ्या आल्फ्रेड जॉर्ज ग्रीनहिल यांनी तोफगोळ्यांसाठी ते मांडलं. व्यासाच्या वर्गाला १५० ने गुणायचं आणि गोळीच्या लांबीने भागायचं. येणारा आकडा म्हणजे एका फेऱ्याला जास्तीत जास्त किती इंच चालतील ते. शिशाच्या, मध्यम वेगाच्या गोळ्यांसाठी हे सूत्र आजही कामचलाऊ अंदाज देतं.

आता ते इथे लावू. ५०० ग्रेनची गोळी साधारण १.३ इंच लांब धरली तर सूत्र म्हणतं २४ इंचांना एक फेरा पुरे. मार्टिनीच्या गोळीलाही जवळपास तितकाच. ४०५ ग्रेनची गोळी आखूड, १.१ इंचांच्या आसपास, तिला २८ इंचांचा सैल पीळही चालला असता. म्हणजे २२ इंचांच्या पिळाची नळी तिन्ही गोळ्यांना पुरेशी होती. ट्रॅपडोअरला तर तिच्या गरजेपेक्षा बराच जास्त पीळ मिळत होता, आणि तरी १७ अंशांचा कोन काही सुटला नाही. जादा पीळ हलक्या गोळीला जड करू शकत नाही.

मग १८ इंचांच्या पिळाची खास नळी कशाला? माझं मत असं की ती शिल्लक ठेवण्यासाठी होती. गोळी आवाजाच्या वेगाच्या आसपास येते तेव्हा हवेचा दाब तिच्यावर विचित्रपणे सरकतो आणि डोलणं वाढायला वाव मिळतो. या तिन्ही गोळ्या तो उंबरठा वाटेत ओलांडत होत्या. पिळात थोडी शिल्लक असली तर गोळी ते डोलणं लवकर मोडते. एकदा खालच्या वेगात गेल्यावर मात्र उलट गंमत होते. गोळीचा पुढे जाण्याचा वेग झपाट्याने उतरतो, पण फिरणं फार हळू उतरतं. त्यामुळे दूर गेलेली गोळी भोवरा म्हणून आधीपेक्षा पक्की असते. ‘लांब मारायचं म्हणून जास्त पीळ’ हे जे सर्रास म्हटलं जातं ते काळ्या दारूच्या बाबतीत निदान अर्धवट आहे. पीळ लागतो तो गोळीच्या लांबीसाठी, मैदानाच्या लांबीसाठी नाही.

लागलेल्या गोळ्यांचा घोळ

इथपर्यंत प्रकरण स्वच्छ आहे. पण २५०० यार्डांवर लक्ष्याला लागलेल्या गोळ्या मोजल्या की ते बिघडतं. लांब पल्ल्याच्या स्प्रिंगफील्डच्या ३० गोळ्यांपैकी ४ लागल्या. रोजच्या ट्रॅपडोअरच्या ७० पैकी ५. मार्टिनी-हेन्रीने लांब पल्ल्याच्या स्प्रिंगफील्डच्या दुपटीहून अधिक गोळ्या झाडल्या आणि त्यांतली एक लागली.

कोनाच्या क्रमाने पाहिलं तर मार्टिनी मध्ये यायला हवी होती. ती शेवटी आली.

हे किती खटकणारं आहे ते समजायला लक्ष्याच्या उंचीचा हिशोब करावा लागतो. गोळी वरून तिरकी उतरते. २२ फुटांची भिंत तिला अडवू शकते ती जमिनीवरच्या एका ठरावीक पट्ट्यापुरतीच. गोळी त्या पट्ट्याच्या अलीकडे उतरली तर वाळूत, पलीकडे गेली तर भिंतीवरून. चढण्याचा आणि उतरण्याचा कोन सारखा धरला तर हा पट्टा जड स्प्रिंगफील्डला ३९ यार्डांचा मिळतो, मार्टिनीला ३१ आणि ट्रॅपडोअरला २४ यार्डांचा. प्रत्यक्षात हवेमुळे उतार चढापेक्षा जास्त तीव्र होतो, म्हणून खरे पट्टे याहून अरुंद असणार, पण त्यांचा क्रम हाच. अडीच हजार यार्डांच्या शेवटी २४ यार्डांची फट. त्या फटीत ट्रॅपडोअरने पाच गोळ्या घातल्या, आणि जास्त रुंद फट मिळूनही मार्टिनीने एकच.

आकडे लहान आहेत हे मान्यच करायला हवं. ३० पैकी ४ आणि ७० पैकी ५ यांच्यातला फरक निव्वळ नशिबाचाही असू शकतो. त्यावरून दोन स्प्रिंगफील्डांमध्ये कोण जास्त नेमकी हे मी ठामपणे सांगणार नाही. पण मार्टिनीचा एक आकडा बाकी दोघींपासून इतका सुटून पडलेला आहे की त्याला कारण असावं असं वाटतं. ते कारण पिळात नाही, कारण तिचा पीळ ट्रॅपडोअरचाच आहे आणि तिच्या गोळीला तो पुरतो. ते वजनातही नाही.

मला ते पुंगळीत दिसतं. त्या वेळची मार्टिनीची पुंगळी एकसंध नव्हती. पितळेच्या पातळ पत्र्याची गुंडाळी करून ती बनवत आणि लोखंडी बुडाला जोडत. ट्रॅपडोअरचं काडतूस मात्र एकाच धातूच्या तुकड्यातून ओढून घडवलेलं. गुंडाळीच्या पुंगळीत दारूला बसायला मिळणारी जागा, गोळीवरची पकड आणि पेटतानाचा दाब दर काडतुसाला सारखा राहणं अवघड. आणखी एक सूचक गोष्ट आहे. ग्रेनला ग्रेन मोजलं तर शिशाच्या मानाने सगळ्यात जास्त दारू मार्टिनीतच होती, आणि वेग मात्र तिचाच सगळ्यात कमी. दारू दारूतही फरक असतो, दाण्याच्या आकाराने जळण्याचा वेग बदलतो, म्हणून या एका आकड्यावर सगळा भार टाकता येत नाही. पण सेकंदाला पाच-दहा फुटांचा वेगातला चढउतारही २५०० यार्डांवर पट्ट्याबाहेर जायला पुरतो. जवळच्या अंतरावर तो दिसतच नाही.

ती गुंडाळीची पुंगळी पुढे इंग्रजांना फार महागात पडली. १८८५ साली सुदानच्या मोहिमेत तापलेल्या, धुळीने माखलेल्या मार्टिनींमध्ये पुंगळ्या अडकून बसल्या आणि ऐन लढाईत रायफली बंद पडल्या. त्यानंतर ओढून घडवलेल्या पुंगळ्या सर्रास झाल्या.

याच्याआधीचं एक प्रकरण शेजारी ठेवलं तर पिळाची खरी किंमतही कळते. १८५७ साली इंग्लंडमध्ये हाइथ इथे जोसेफ व्हिटवर्थ यांची षटकोनी नळीची रायफल लष्कराच्या एनफील्डसमोर उभी केली गेली. दोन्हींची गोळी ५३० ग्रेनची, दोन्हींत ७० ग्रेन दारू. एनफील्डचा बोअर .५७७ आणि पीळ ७८ इंचांना एक. व्हिटवर्थचा बोअर .४५१ आणि पीळ २० इंचांना एक. ५०० यार्डांवर एनफील्डच्या गोळ्या सरासरी सव्वादोन फूट इकडेतिकडे पडल्या, व्हिटवर्थच्या ०.३७ फूट, म्हणजे साडेचार इंच. १४०० यार्डांवर एनफील्ड लक्ष्याला लागलीच नाही. तेच शिसं अरुंद नळीत घातलं की गोळी लांब होते, लांब झाली की ७८ इंचांच्या पिळात ती टिकली नसती. तिथे पिळाने दरवाजा उघडला आणि लांब गोळी आत आली. सँडी हूकला तो दरवाजा २२ वर्षं आधीच उघडलेला होता. म्हणून तिथे पिळाचा फरक जवळजवळ दिसत नाही.

लष्कराने काय घेतलं, काय सोडलं

अमेरिकी लष्कराने यातून जे उचललं ते मला फार शहाणपणाचं वाटतं. लांब पुंगळी सोडली, १८ इंचांच्या पिळाची नळीही सोडली. ५०० ग्रेनची गोळी मात्र ठेवली. १८८१-८२ च्या सुमारास तीच जुनी २.१ इंचांची पुंगळी, तीच ७० ग्रेन दारू आणि पुढे नवी जड गोळी असं .४५-७०-५०० काडतूस पायदळाला मिळालं. हजारो रायफली जशाच्या तशा राहिल्या, कारण २२ इंचांचा पीळ ५०० ग्रेनलाही पुरत होता. वेग थोडा उतरला, पण लांबवर जिथे गोळीची परीक्षा होती तिथे वजनाने तो भरून काढला.

किंमत शिपायाच्या खांद्याने मोजली. घोडदळाच्या आखूड, हलक्या कार्बाइनमध्ये ही गोळी चालवणं त्रासाचं होतं, म्हणून तिथे ४०५ ग्रेनची गोळी आणि ५५ ग्रेन दारू कायम राहिली.

पिळाचं एक देणं अजून राहिलं होतं. उजव्या पिळाची गोळी लांब अंतरावर हळूहळू उजवीकडे सरकते. वारा नसतानाही सरकते, ते तिच्या फिरण्याचंच फळ. १८८४ च्या ट्रॅपडोअरवर स्प्रिंगफील्ड आर्मरीचे कर्नल बफिंग्टन यांची मागची साईट (नेम धरायची पट्टी) आली, तिची उभी पट्टी मुद्दाम अशी बसवलेली की अंतर वाढवत नेलं की नेम आपोआप डावीकडे सरकावा. पीळ नळीत पाडला आणि त्याची भरपाई साईटमध्ये केली. कारागिरी म्हणून मला ही साईट त्या सगळ्या रायफलीतला सगळ्यात सुंदर भाग वाटते.

हिंदुस्थानात

सँडी हूकनंतर वर्षही पुरं झालं नव्हतं तेव्हाची, २७ जुलै १८८० ची मैवंदची लढाई. अफगाणिस्तानात कंदाहारजवळ इंग्रजांचा मोठा पराभव झाला. तिथे गोऱ्या ६६ व्या पलटणीच्या हातात मार्टिनी-हेन्री होती. शेजारी उभ्या मुंबई ग्रेनेडियर्स आणि जेकब्स रायफल्स या मुंबई इलाख्याच्या पलटणींकडे मात्र स्नायडर. १८५७ नंतर देशी शिपायाला हत्यार एक पिढी मागचं द्यायचं, हे सरकारचं धोरणच होतं. मुंबईच्या फौजेत कोकणातले आणि देशावरचे शिपाई पिढ्यानपिढ्या भरती होत होते.

स्नायडर म्हणजे जुन्या एनफील्डची नळी ठेवून मागून भरायची सोय केलेली रायफल. बोअर .५७७, गोळी ४८० ग्रेनची, मार्टिनीच्याच वजनाची. पण ती जाड नळीत पसरलेली, म्हणून वरच्याच हिशोबाने तिचा आकडा ०.२०६ येतो, मार्टिनीचा ०.३३९ असताना. पीळ तोच, ७८ इंचांना एक. एकाच रांगेत उभे असलेले दोन शिपाई तेवढंच शिसं झाडत होते आणि त्यांची गोळी सारखी लांब पोचत नव्हती. मैवंदचा पराभव रायफलींमुळे झाला असं मी म्हणणार नाही. तिथे तोफा, पाणी, उन्हाळा आणि शत्रूची संख्या ही सगळी कारणं होती. पण त्या रांगेतला फरक कुणी ठरवून केला होता, हे नोंदवल्याशिवाय मला या काडतुसांबद्दल लिहिता येत नाही.

मार्टिनीची ४८० ग्रेनची गोळी हिंदुस्थानात आणखी एका वाटेने उरली. १८९८ मध्ये लंडनचे बंदूककार रिग्बी यांनी .४५० बोअरचं, धूर न करणाऱ्या कॉर्डाइट दारूचं शिकारी काडतूस आणलं. गोळी तीच ४८० ग्रेन, वेग मात्र २१५० फूट. वेगाचा वर्ग घेतला की मार्टिनीच्या जवळपास तिप्पट ऊर्जा. हत्ती आणि गव्यासाठी ते लगेच लोकप्रिय झालं. अडचण एकच होती. वायव्य सरहद्दीवर आणि इतरत्र मार्टिनी रायफली भरपूर पसरलेल्या होत्या आणि .४५० ची गोळी त्यांच्या नळीत चालण्यासारखी होती, म्हणजे ती बंडखोरांच्या हाती पडायची भीती होती. म्हणून १९०७ साली सरकारने हिंदुस्थानात .४५० बोअरवर बंदी घातली. बंदूककारांनी लगेच मार्टिनीत न बसणारे नवे बोअर काढले. त्यांतल्या .४७० ने ५०० ग्रेनची गोळी घेतली, आणि हॉलंड अँड हॉलंड यांच्या .४६५ ने बोअर तेवढा वाढवून वजन ४८० ग्रेन आणि वेग २१५० फूट हे दोन्ही आकडे जसेच्या तसे ठेवले.